प्लायवूडच्या मागे बसणारा धर्मेश

लग्नाच्या मांडवात सासरे येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "जावई आयुर्वेदिक कंपनीत आहेत, उल्हासनगरला." धर्मेश शेजारी फेटा सावरत हसत होता. कंपनी वगैरे काही नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पडद्यांच्या कापडाचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूचा अरुंद जिना चढून वर गेलं की एक दवाखाना लागायचा. त्या दवाखान्यात प्लायवूडच्या आडोशामागे धर्मेश साडेतीन वर्षं बसत होता.

तो पालेगावचा. वडील हरिचंद्र यांच्या भाताच्या खाचरांवर आता इमारती उभ्या आहेत. धर्मेशने डी.फार्मला प्रवेश घेतला होता, पण दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले ते राहिलेच. मग कोणाच्या तरी ओळखीने ही नोकरी मिळाली. "औषधांचं पॅकिंग आहे, बसून काम," असं सांगणाऱ्याने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

दवाखान्याच्या मालकाचं नाव कमलेश. सगळे त्याला साहेब म्हणायचे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. पदवीचा कागद त्याने भिंतीवर इतका उंच लावला होता की कोणाला वाचता येऊ नये. दवाखाना काढण्याआधी तो सोफ्याचे फोम विकायचा. बाहेर पाटी होती: पुरुषांच्या सर्व कमजोरीवर खात्रीशीर इलाज, गुप्तता पाळली जाईल. गुप्तता म्हणजे ते प्लायवूड. पलीकडे बोललेला प्रत्येक शब्द अलीकडे धर्मेशला ऐकू यायचा.

येणारे बहुतेक वर्कशॉपमधले कामगार, ड्रायव्हर, नवीन लग्न झालेले क्लार्क. तोंडावर रुमाल बांधून जिना चढायचे. साहेब आधी त्यांना गप्प बसून बोलू द्यायचा. मग खुर्ची जवळ ओढून विचारायचा, "शादी से पहले हाथ की आदत थी ना?"

माणूस खाली बघायचा. बहुतेक सगळेच खाली बघायचे.

"नस सूख गयी है तेरी. घर में बताया है किसी को? नहीं ना? ये देख."

मग तो आल्बम उघडायचा. प्लास्टिकच्या पानांत घातलेले फोटो. कुठल्या कुठल्या रोगांनी सडलेले, सुजलेले, पू धरलेले अवयव. या माणसांच्या तक्रारीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण भ्यायला तेवढे पुरायचे. त्यानंतर साहेब हाक मारायचा, "धर्मेश, टेस्ट!"

टेस्ट हे धर्मेशचं काम. माणसाने बाटलीत दिलेली लघवी तो काचेच्या नळीत ओतायचा. नळीच्या तळाशी आधीच चिमूटभर सोडा टाकलेला असायचा. मग स्पिरिटच्या दिव्यावर ती नळी त्या माणसाच्या डोळ्यांसमोर तापवायची. थोड्या वेळात आतलं पाणी दुधासारखं गढूळ व्हायचं. "ये देख, धातू जा रही है तेरी," साहेब म्हणायचा. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरायचं. लघवीत क्षार असतात, तापवलं की ते असे दिसतात, हे धर्मेश कॉलेजात शिकला होता. तो नळी विसळायचा आणि पुढची घ्यायचा.

तापलेल्या लघवीचा वास, त्यात साहेबाने लावलेला धूप, हिंग घातलेल्या चूर्णाचा उग्र भपका आणि घाबरलेल्या माणसांचा घाम. हे सगळं त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर साठून राहायचं. पहिले काही महिने धर्मेशला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं. सवय झाली असं त्याला वाटलं.

चूर्णात काय होतं हेही त्याला ठाऊक होतं. मेडिकलमध्ये मिळणारी ताठरतेची गोळी तो स्वतः खलबत्त्यात कुटून त्यात मिसळायचा. एकदा एक पोट सुटलेला, हृदयाचा आजार असलेला माणूस पुडी घेऊन गेला आणि परत आलाच नाही. त्याचं काय झालं हे धर्मेशने विचारलं नाही. आठवडाभर तो जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला दचकायचा, इतकंच.

त्याची बायको जिज्ञासा खरवईची. बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. रक्त काढणं, थुंकी, लघवी, शौच तपासणं हे तिचं रोजचं काम. हळदीला रात्रभर डीजे वाजला, दोन दिवस गाव जेवलं, आणि लग्नानंतर चौथ्या दिवशी दोघं त्यांच्या खोलीत एकटे होते, तेव्हा धर्मेशला तो वास आला.

ती जवळ सरकली होती. तिच्या केसांना मोगऱ्याच्या तेलाचा वास होता, तो त्याला एक क्षण कळलाही. आणि लगेच नाकात धूप, हिंग आणि तापलेली लघवी. अंग गार पडलं. तो उठला, बाथरूममध्ये गेला, साबण लावून अंघोळ केली, परत आला. वास तिथेच होता.

असंच पुढच्या आठवड्यात झालं. त्याच्या पुढच्यातही. तो कधी थकलोय म्हणायचा, कधी पोट बिघडलंय म्हणायचा. दिवसातून तीनदा अंघोळ करायला लागला. जिज्ञासाने साबण बदलला. मग पावडर बदलली. मग एकदा धर्मेश दारात आला तर ती पलंगावर बसून स्वतःचे तळहात हुंगत होती. लॅबमधून घरी आल्यावर ती हात कोपरापर्यंत घासायची, कातडी सोलवटून निघेपर्यंत. तिला वाटत होतं, नवऱ्याला आपलीच किळस येते. आपण दिवसभर काय काय हाताळतो, त्याची.

धर्मेशला ते समजलं, आणि तरी तो थकल्याचंच कारण देत राहिला. काय सांगणार होता?

घरात दुसरंच सुरू झालं होतं. त्याची आई चिमी लग्नानंतर पाचव्या महिन्यापासून सुनेला रोज विचारायची, "काय गो, काय खबर?" सातव्या महिन्यात तिने विचारणं सोडलं आणि बघायला सुरुवात केली. जिज्ञासा कामावर गेली की ती त्यांच्या खोलीत शिरायची. एकदा धर्मेश सुट्टीच्या दिवशी अचानक आत गेला तर चिमी पलंगावरची चादर दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरून उभी होती. डाग शोधत होती. मागे तिची बहीण मान तिरकी करून बघत होती.

"काय करतेस गं आई?"

"काय करणार? तूच सांग ना काय झाला तं," चिमी न लाजता म्हणाली. "पोरीत खोट असंल तर आत्ताच बोल. मंग उशीर नको."

धर्मेशला 'खोट माझ्यात आहे' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "चादर ठेव ती." आणि बाहेर निघून गेला. खोट पोरीतच आहे, असं त्या दोघींनी धरून घेतलं. पुढच्याच आठवड्यात मावशीने कुठला तरी काढा आणला. जिज्ञासा तो सलग अकरा दिवस नाक दाबून प्यायली. धर्मेश शेजारी बसून चहा पीत होता.

एका रविवारी दुपारी आईवडील कल्याणला साखरपुड्याला गेले होते. धर्मेशने आदल्या दिवशी दवाखान्यातून एक पुडी उचलली होती. ती त्याने पाण्यात घेतली. तासाभराने शरीर कामाला लागलं. जिज्ञासाच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, थोडा आनंदही. धर्मेशने खाली पाहिलं आणि त्याला स्वतःचं अंग आल्बममधल्या फोटोसारखं दिसलं. प्लास्टिकच्या पानात घातलेलं. तो बाथरूमपर्यंतही पोहोचला नाही. दारातच ओकला.

जिज्ञासाने फडकं आणून जमीन पुसली. पुसता पुसता म्हणाली, "तुम्हाला मी इतकी नको असेन तर सरळ सांगा. मी माहेरी जाते." तिचा आवाज चढलेला नव्हता. फडकं पिळून ती आत निघून गेली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सोनू दवाखान्यात आला.

सोनू हा धर्मेशचा चुलत भाऊ. सत्तावीस वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवायचा. त्याचं लग्न ठरलं होतं. प्लायवूडमागे बसलेल्या धर्मेशने आवाज लगेच ओळखला. धर्मेश इथे काम करतो हे सोनूला माहीत नव्हतं. घरात सगळ्यांसाठी ती कंपनीच होती.

"साहेब, लग्न आहे दोन महिन्यांनी," सोनू सांगत होता. "मला भीती वाटते. जमेल का नाही ते."

एवढंच होतं. कुठलाही धडधाकट माणूस घाबरतो तसा तो घाबरला होता. साहेबाने खुर्ची जवळ ओढली. "हाथ की आदत थी ना?" मग आल्बमची पानं उलटल्याचा आवाज. मग हाक. "धर्मेश, टेस्ट!"

धर्मेश नळी घेऊन बाहेर आला. सोनूने वर पाहिलं. "दादा?"

साहेब दोघांकडे बघत होता. धर्मेशने दिवा पेटवला. त्या वेळी काय वाटलं हे पुढे त्याला कितीदा तरी विचारलं गेलं, आणि तो प्रत्येक वेळी एकच सांगायचा: काहीच वाटलं नाही, हात आपले चालत होते. नळी तापली. पाणी गढूळ झालं. "देख, तेरा भाई ही दिखा रहा है," साहेब म्हणाला. "अपना आदमी झूठ बोलेगा क्या?"

सोनूने तीन महिन्यांच्या पुड्या घेतल्या आणि धर्मेशकडे न बघता जिना उतरला.

धर्मेश त्या दिवशी मधूनच निघाला. अंबरनाथला उतरून पालेगावच्या घरी न जाता तो तसाच पुढे बदलापूरला गेला आणि जिज्ञासाच्या लॅबसमोरच्या रसवंतीत बसून राहिला. ती सुटल्यावर त्याने तिला तिथेच सगळं सांगितलं. पाटी, आल्बम, सोडा, कुटलेल्या गोळ्या, तो हृदयाचा पेशंट, सोनू. आणि शेवटी वास.

जिज्ञासा ऐकत होती. रसाचा ग्लास तिने हातही न लावता बाजूला सारला.

"लघवी सोड्याने अल्कलाइन केली की त्यातले फॉस्फेटचे क्षार दिसणारच," ती म्हणाली. "ॲसिडचे दोन थेंब टाकले की परत पाण्यासारखी साफ होते. शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"तरी रोज?"

"हो."

"शी," ती म्हणाली. "मी दिवसभर लोकांचा मैला तपासते, मला कधी घाण वाटली नाही. आज वाटतेय. तुझी." लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला 'तू' म्हणाली. "आणि वर्षभर मी माझे हात घासत बसले. तो काढा प्यायले. तू समोर बसून बघत होतास."

धर्मेश रडायला लागला. तिने त्याला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तिने बॅगेतून फोन काढला आणि अंबरनाथच्या एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांच्या पेशंटचे नमुने तिच्या लॅबमध्ये यायचे.

डॉक्टर राजसी पन्नाशीच्या होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत इतक्या साध्या आवाजात प्रश्न विचारले की धर्मेशला जमीन दुभंगावी असं वाटलं. सकाळी उठताना ताठरता असते का? असते. एकट्याने करताना? तेव्हाही असते, पण नंतर ओकारी येते. मधुमेह, रक्तदाब, दारू? नाही. त्यांनी रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. त्या सगळ्या व्यवस्थित आल्या.

"शरीर ठीक आहे तुमचं," त्या दुसऱ्या भेटीत म्हणाल्या. "साडेचार वर्षं रोज दहा-दहा तास तुम्ही एका खोलीत बसलात, जिथे पुरुषाचं शरीर म्हणजे भीती, रोग, लाज आणि घाण वास. मेंदूने ते सगळं एकत्र बांधून टाकलंय. आता बायको जवळ आली की मेंदू तीच खोली उघडतो."

"गोळी आहे का यावर?"

"काही जणांना देते. तुम्हाला आत्ता नाही. गोळी म्हटली की तुम्हाला तो खलबत्ता आठवणार. नोकरी मात्र आजच सोडा, ती चालू असेल तर मला काही करता येणार नाही."

मग त्यांनी जिज्ञासाला आत बोलावलं आणि दोघांना सांगितलं की पुढचे सहा आठवडे शरीरसंबंध बंद. प्रयत्नसुद्धा करायचा नाही. आठवड्यातून तीनदा, दिवसाउजेडी जमलं तर उत्तम, वीस मिनिटं एकमेकांच्या फक्त हातांना, पाठीला, पायांना स्पर्श करायचा. वास आला की लपवायचं नाही. मोठ्याने म्हणायचं, "वास आला," आणि थांबायचं. उठून अंघोळीला जायचं नाही.

"आणि तुमचा राग आहे," त्या जिज्ञासाला म्हणाल्या. "तो गिळू नका. तुम्हाला ज्या दिवशी हात लावून घ्यायचा नसेल, त्या दिवशी नाही."

"मग बरेच दिवस नाहीच असेल," जिज्ञासा म्हणाली.

"चालेल."

आणखी एक गोष्ट त्यांनी करून घेतली. शरीराच्या अवयवांची नावं त्यांनी धर्मेशला उच्चारायला लावली. त्याला येईना. त्याच्याकडे शिव्या होत्या नाहीतर साहेबाची हिंदी होती. डॉक्टरांनी कागदावर शाळेच्या पुस्तकातले शब्द लिहून दिले आणि रोज वाचायला सांगितले. तिशीला आलेला माणूस बाथरूमचं दार लावून, नळ सोडून ते शब्द वाचायचा. पहिल्या दिवशी त्याला हसू आलं, दुसऱ्या दिवशी त्याने कागद अर्ध्यातच घडी करून ठेवला, आणि पंधराव्या दिवशी ते नुसते शब्द झाले.

नोकरी त्याने सोडली. साहेबाविरुद्ध स्वतःचं नाव घालून तक्रारही दिली. पण चौकशीला कोणी येण्याआधीच साहेबाने गाशा गुंडाळला आणि दोन गल्ल्या सोडून वेगळ्या नावाची पाटी लावली. तिथे प्लायवूडमागे आता दुसरा कोणी बसतो. हे समजलं त्या दिवशी धर्मेश जेवला नाही.

सोनूला त्याने लॅबमध्ये नेलं. तो यायला तयार नव्हता, जिज्ञासाने फोन केला म्हणून आला. एका संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर तिने धर्मेशच्याच नमुन्यात सोडा टाकून नळी तापवून दाखवली. गढूळ. मग ॲसिडचे दोन थेंब. साफ. सोनू बघत राहिला.

"म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?"

"काही नाही," जिज्ञासा म्हणाली. "पुड्या बंद करा, आणि ज्या घेतल्या त्यासाठी एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

सोनू धर्मेशकडे वळला. "मी जिना उतरून टेम्पोत बसलो ना, तेव्हा आयुष्य संपवायचं डोक्यात आलं होतं. तुला माहितीये? तुझ्याकडे बघून माझा विश्वास बसला." धर्मेशने तोंड उघडलं. सोनू म्हणाला, "नको बोलूस. मला ओकारी येईल." आणि तो गेला. लग्नाची पत्रिका हरिचंद्रांच्या नावाने आली. धर्मेश गेला नाही. सोनूचा संसार चांगला चाललाय, असं तो दुसऱ्यांकडून ऐकतो.

घरी चिमीला सांगायचं काम धर्मेशने स्वतः केलं. जिज्ञासाने तशी अटच घातली होती. दोघी बहिणी ओसरीवर मासे साफ करत बसल्या असताना तो समोर बसला आणि म्हणाला, "दोष माझ्यात होता. माझा इलाज चालू आहे. आमच्या चादरीला परत हात लावायचा नाही." मावशी उठून गेली. चिमीने हातातली सुरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बापालापन सुरवातीला असाच झालता. मी कुनाला बोलले नाय." आणि पुन्हा खवले काढायला लागली. धर्मेशला कळेना की आईची कीव करावी की राग. हे जिला माहीत होतं, तिने त्या पोरीला अकरा दिवस काढा पाजला होता.

सहा आठवड्यांचे चार महिने झाले. पहिले कितीतरी दिवस जिज्ञासाने हात लावू दिला नाही. ती पाठ करून बसायची आणि मनात साठलेलं एकेक बोलून दाखवायची, आणि धर्मेशला ते ऐकावं लागायचं. मग एक दिवस तिने स्वतःचा हात पुढे केला. वीस मिनिटं तो नुसता तिचे तळहात चोळत बसला. तिसऱ्या मिनिटाला म्हणाला, "वास आला." ती म्हणाली, "थांब मग." थांबले. गेला. पुन्हा सुरू केलं. कधी वीस मिनिटांत सहादा थांबावं लागायचं, कधी एकदा. मधे एकदा सगळं मूळपदावर आलं, रस्त्याकडेच्या भिंतीवर साहेबाची नवी जाहिरात दिसली त्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, पहिल्या पायरीवर परत या. ते आले.

आणि मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, खाली पाण्याचा टँकर आलेला असताना आणि बायकांच्या भांडणाचा आवाज चाललेला असताना, बंदी असूनही त्यांच्याकडून ती मोडली गेली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. बंदी मोडणारेच बरे होतात बहुधा, म्हणाल्या.

धर्मेश आता अंबरनाथला औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे खोके भरतो. राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म त्याने भरला आहे. पालेगावातून दोघं निघाले आणि खरवईला तिच्या माहेराजवळ भाड्याने राहतात. जिज्ञासाने त्याला पूर्ण माफ केलंय असं नाही, आणि ती तसं सांगतेही. एखाद्या दिवशी तो जवळ आला की ती म्हणते, "आज नको. आज मला परत सगळं आठवलंय." तो बरं म्हणतो. परवा असंच झालं. तो पिशवी घेऊन बाजारात गेला. बोंबील ताजे होते, तिला आवडतात म्हणून जास्तच घेतले, आणि दोघांनी ओट्याशी उभं राहून ते साफ केले.